घर बांधणाऱ्यांची सावड

आमच्या नात्यातल्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "ताई, तू त्या ख्रिश्चन लोकांच्या संस्थेत नेमकं काय करत होतीस?" विचारणाऱ्या प्रत्येकाचा सूर वेगळा. कुणाला नुसतं कुतूहल, कुणाला काळजी, आणि एका मावसभावाला तर सरळसरळ संशय! फोनवर दर वेळी अर्धंमुर्धं उत्तर देऊन कंटाळले, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. वाचून झाल्यावर ज्याला वाद घालायचा असेल त्याने अवश्य घालावा. इतकी वर्षं शाळेत काढल्यावर वादाची भीती राहत नाही.

संस्थेचं नाव हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी. माझी मुलगी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळ राहते. तिच्याकडे मी दोन खेपांना सहा-सहा महिने राहिले. तिकडे गेलेल्या आईवडिलांचं काय होतं ते आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे, मग खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसायचं. लेक म्हणाली, "आई, आमच्या ऑफिसातले लोक शनिवारी घर बांधायला जातात, येतेस का?" मला वाटलं, कुणाचं तरी घर बघायला जायचंय. तर हातात हातोडी आली!

आधी त्या संस्थेचं मूळ सांगते, कारण मला पटलं ते तिथूनच. जॉर्जियात अमेरिकस नावाचं एक गाव आहे. त्याच्याजवळ १९४२ मध्ये क्लॅरन्स जॉर्डन नावाच्या माणसाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर 'कोइनोनिया' नावाची शेती सुरू केली. जॉर्डन शेतकी शिकलेला आणि बायबलच्या मूळ ग्रीक भाषेचा पंडित. तिथे काळे आणि गोरे एकत्र काम करत, एका टेबलावर जेवत. त्या काळी, त्या भागात ही गोष्ट कुणाला खपणारी नव्हती. १९५० च्या दशकात त्यांच्यावर बहिष्कार पडला, गोळीबार झाले, रस्त्याकडेचं त्यांचं दुकान सुरुंगाने उडवून दिलं. आणि हे सगळं करणारे लोकसुद्धा ख्रिश्चनच, रविवारी चर्चमध्ये जाणारे! पंगतीत कोण बसणार आणि विहिरीवर कोण येणार यावरून आपल्याकडे काय काय झालंय ते माहीत असणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

१९६५ मध्ये मिलर्ड आणि लिंडा फुलर हे जोडपं तिथे आलं. मिलर्ड वकील, धंद्यात तिशीच्या आतच लक्षाधीश झालेला. पैशाच्या मागे धावता धावता संसार मोडायला आला, तेव्हा दोघांनी सगळं विकून टाकायचं ठरवलं. पुढे जॉर्डन आणि फुलर यांनी मिळून 'भागीदारीची घरं' ही कल्पना काढली. १९६८ मध्ये शेताच्या एका भागात अर्ध्या-अर्ध्या एकराचे ४२ प्लॉट पाडले. आसपासची गरीब काळी कुटुंबं मोडक्या खोपटांत राहत होती, त्यांच्यासाठी घरं बांधायची. घरं फुकट द्यायची नाहीत, पण नफाही घ्यायचा नाही आणि कर्जावर व्याजही घ्यायचं नाही. गरिबाकडून व्याज घेऊ नये ही बायबलच्या जुन्या करारातली आज्ञा, ती त्यांनी अक्षरशः पाळायची ठरवली. पहिलं घर पुरं व्हायच्या आत, ऑक्टोबर १९६९ मध्ये जॉर्डन वारला. फुलर पती-पत्नी १९७३ पासून तीन वर्षं आफ्रिकेत, तेव्हाच्या झाईरमध्ये राहून तिथे हाच प्रयोग करून आले, आणि १९७६ मध्ये त्यांनी अमेरिकसला हॅबिटॅटची स्थापना केली. मिलर्ड फुलर या सगळ्याला हातोडीचं धर्मशास्त्र म्हणत असे. म्हणजे असं की, देवाबद्दल आपली मतं जुळोत न जुळोत, एका खिळ्यावर हातोडी मारायला कुणाची हरकत नसावी.

बिनव्याजी म्हणजे काय, ते गणिताच्या तासाला सांगतात तसं सांगते. समजा, दहा लाखांचं कर्ज आहे आणि मुदत वीस वर्षं. बँकेचा दर नऊ टक्के धरला तर महिन्याचा हप्ता सुमारे नऊ हजार रुपये होतो आणि वीस वर्षांत एकंदर जवळजवळ २१ लाख ६० हजार भरावे लागतात. म्हणजे एक घर राहायला आणि एक घर बँकेला! व्याज काढून टाकलं, तर तोच हप्ता ४,१६७ रुपयांवर येतो. निम्म्याहून कमी. ज्या बाईची मिळकत पाच हजारांच्या हप्त्यापुरतीच आहे, तिला पहिल्या हिशेबात घर कधीच मिळणार नाही आणि दुसऱ्या हिशेबात मिळेल. बाई तीच, मिळकत तीच. व्याजाने माणसाचं काय होतं हे मराठी मुलखाला नव्याने सांगायला नको. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पुणे-नगरच्या गावागावांत पसरला, हे आपण इतिहासात शिकलो आहोत.

हप्त्यांचे जे पैसे परत येतात ते पुढच्या घराला लागतात. आज सगळीकडे शंभर टक्के बिनव्याजीच कर्ज असतं असं नाही, त्या त्या ठिकाणच्या शाखेप्रमाणे व्यवहार बदलतो. पण कुटुंबाला झेपेल एवढाच हप्ता, हा नियम कायम. घर कुणाला द्यायचं याच्या कसोट्या तीन. गरज आहे का, हप्ता फेडण्याची कुवत आहे का, आणि स्वतः राबायची तयारी आहे का. ही तिसरी कसोटी मला फार आवडली. घर घेणाऱ्याने काही शे तास स्वतः काम करायचं, आपल्या घरावर आणि दुसऱ्यांच्या घरांवरही. याला तिकडे 'स्वेट इक्विटी' म्हणतात. घामाचं भांडवल म्हणा ना!

आता माझ्या कामाबद्दल. तिकडची साधी घरं लाकडी सांगाड्याची असतात. उभ्या पट्ट्या सोळा-सोळा इंचांवर ठेवून, आडव्या पट्ट्यांना खिळ्यांनी ठोकून भिंतीचा सांगाडा जमिनीवरच आडवा तयार करतात, आणि मग सात-आठ जण मिळून "एक, दोन, तीन" म्हणत तो उभा करतात. डोक्यावर टोप, डोळ्यांवर चष्मा, पायात बंद बूट. साडी अर्थातच बाद. लेकीची पँट घालून मी गेले, त्याचा फोटो नातवाने सगळ्या खानदानाला पाठवला आहेच. वयाकडे बघून मला शिडीवर चढू दिलं नाही. मी रंग दिला, फटी भरल्या, पट्ट्यांवर खुणा केल्या आणि खिळेही ठोकले. माझं इंग्रजी म्हणजे मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या बाईचं इंग्रजी. पण सोळा इंच मोजून खूण करायला व्याकरण लागत नाही, हे लक्षात आल्यावर माझी भीड चेपली.

तिथे एक बाई रोज भेटायची. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात रात्रपाळी करून सकाळी थेट यायची. घर तिचंच होणार होतं. मला खिडकीच्या चौकटीची फट भरायला तिनेच शिकवलं. म्हणजे ज्याला आपण 'लाभार्थी' म्हणतो ती शिकवणारी, आणि मी, मदत करायला आलेली, शिकणारी. दुपारी सगळे बादल्या उलट्या घालून त्यावर बसून जेवायचो. त्या वेळी कोण देणारा आणि कोण घेणारा हे नव्या माणसाला ओळखता आलं नसतं.

मला वाटतं, सगळं मर्म इथे आहे. आपल्याकडे दानाची परंपरा मोठी आहे आणि मी तिला नावं ठेवत नाही. पण देवळात गेलं की डोक्यावर गरगरणाऱ्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं, बाकावर असतं, पाण्याच्या टाकीवर असतं. वह्यावाटपाचे कार्यक्रम मी शाळेत पस्तीस वर्षं पाहिले. चार वह्यांसाठी पोराला स्टेजवर उभं करायचं, फोटोत हसायला लावायचं. काही मुलं नाव पुकारलं की मान खाली घालून यायची. वह्या त्यांना हव्याच असायच्या, पण त्यांची किंमत ती मुलं वेगळ्याच चलनात मोजत होती.

आपल्याकडे दुसरीही एक परंपरा आहे, आणि ती दानापेक्षा जुनी असावी असं मला आपलं वाटतं. सावड आणि इर्जिक. एकाचे बैल, दुसऱ्याचे बैल, मिळून औत. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. इर्जिकीला सारा गाव एकाच्या शेतात राबतो आणि तो सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. त्यात उपकार नाही, लाजही नाही. अमेरिकेतल्या त्या भिंतीशी उभी राहून मला इंग्रजी शब्द सापडत नव्हता, पण मनात शब्द आला तो 'सावड'च. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी आमच्या सातारा जिल्ह्यातला कोरेगाव तालुका तिच्यात होता. तिथे भर उन्हात चर खोदणाऱ्यांत सरपंच होते, शाळेतली पोरं होती, सासुरवाशिणी होत्या. तेही याच कुळातलं.

आता मावसभावाचा मुद्दा, धर्माचा. संस्था ख्रिश्चन आहे, हे ती लपवत नाही. आम्ही जायचो तिथे सकाळी काम सुरू व्हायच्या आधी कुणीतरी दोन मिनिटं प्रार्थना म्हणायचं. घराची किल्ली देताना बरोबर बायबल द्यायचीही पद्धत आहे. पण घर देताना धर्म विचारायचा नाही आणि मदतीच्या बदल्यात धर्माचा प्रचार करायचा नाही, असं त्यांचं लेखी धोरण आहे. मला स्वतःला एकदाही कुणी विचारलं नाही की तुम्ही चर्चला येता का. प्रार्थनेच्या वेळी मी मनात शुभं करोति म्हणायचे. धर्मांतराबद्दल आपल्या लोकांच्या मनात भीती आहे, ती सगळीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. जिथे भाकरीच्या बदल्यात श्रद्धा मागितली जाते तिथे मलाही राग येईल, मग मागणारा कुठल्याही धर्माचा असो. पण इथे कसोटी सोपी आहे. घर घेणारा हप्ता भरतो, घाम गाळतो. त्याने मोल दिलेलं आहे, म्हणून त्याच्यावर कुणाचं ओझं नाही. ओझं नसलेल्या माणसाला वळवणं कठीण असतं. फुकट देणाऱ्यांबद्दल सावध राहावं, मोल घेणाऱ्यांबद्दल एवढी चिंता नको, असं माझं मत झालं आहे.

याहून अवघड प्रश्न मला माझ्या जावयाने विचारला. तो इंजिनियर. म्हणाला, "आई, तुम्ही दिवसभरात जेवढे खिळे ठोकता तेवढे कामाचा माणूस अर्ध्या तासात ठोकेल. मग याचा उपयोग काय?" अगदी खरं आहे. अमेरिकेत मजुरी महाग, म्हणून फुकटच्या हातांनी तिथे खरोखर पैसे वाचतात. पण हाच हिशेब आपल्याकडे लावला तर उलटा पडतो. इथे गवंडी आहे, बिगारी आहे आणि त्याला काम हवं आहे. परदेशातून विमानाने येऊन त्याच्या हातातली थापी आपण घ्यायची, फोटो काढायचे आणि परत जायचं, यात मला शहाणपण दिसत नाही. त्या तिकिटाच्या पैशांत त्याच गवंड्याला किती दिवसांची मजुरी देता येईल!

मग जिमी कार्टरचं काय, असं कुणी विचारेल. अमेरिकेचा माजी अध्यक्ष, गाव प्लेन्स, अमेरिकसच्या शेजारचंच. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका पडक्या इमारतीत १९ कुटुंबांसाठी घरं करायला तो आणि पत्नी रोझलिन गेले, आणि पुढे वर्षानुवर्षं आठवडाभर हातोडी घेऊन जात राहिले. २००६ मध्ये ते आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला आले होते, शंभर घरं बांधायला. तेव्हा कार्टर ८२ वर्षांचे होते. त्यांच्या घराण्याचं महाराष्ट्राशी नातं त्याहून जुनं. त्यांच्या आई लिलियन ६८ व्या वर्षी पीस कोअरमधून विक्रोळीला येऊन दोन वर्षं नर्स म्हणून राबल्या होत्या, १९६६ ते ६८. ऑक्टोबर २०१९ मध्ये पंचाण्णवीत कार्टर घरात पडले, भुवईवर चौदा टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलला कामावर हजर! २९ डिसेंबर २०२४ ला शंभरी पार करून ते गेले.

माजी अध्यक्षाच्या खिळ्यांनी घर जास्त मजबूत होत नाही. पण तो खिळे ठोकतो म्हणून जगाचं लक्ष जातं, पैसा उभा राहतो, आणि ज्याचं घर आहे त्याच्या शेजारी तो घामाघूम होऊन उभा असतो. ही किंमत मी मान्य करते. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या मागे मात्र कॅमेरे नसतात. तेव्हा आपण स्वतःला विचारायला हवं की समोरचा माणूस नेमका कुठे अडला आहे. तिथेच हात लावायचा. भिंतीशी अडला असेल तर भिंतीशी.

किल्लारीच्या वेळी हे पाहायला मिळालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि मदतीचा पूर आला. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्यातली कितीतरी घरं संस्थांनी दिलेल्या पैशांतून ठेकेदारांनी बांधली. घरं मिळाली ही लहान गोष्ट नव्हे. पण सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, एकसारखी घरं, शेत लांब, गुरांना जागा नाही, अंगणाचा पत्ता नाही. जुन्या गावची गल्ली, वाडा, भावकी, सगळं विस्कटलं. राहणाऱ्यांना कुणी पुरेसं विचारलंच नव्हतं. देणाऱ्याची घाई आणि घेणाऱ्याची अडचण यांची गाठ पडली नाही की असं होतं.

मी परत आल्यावर आमच्या भागात विचारत फिरले, तेव्हा कळलं की घरकुल मिळण्यात माणसं विटांशी अडत नाहीत. अडतात कागदांशी. जागा आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, वारसनोंद नाही. नमुना आठच्या उताऱ्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरंच. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपलेली. घरकुलाचे हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे खात्यात येतात, त्यासाठी जागेवरचे फोटो चढवावे लागतात. फोटो राहिला की हप्ता राहिला, मग जोत्यापर्यंत आलेलं काम पावसाळाभर तसंच. ज्याला चार ओळींचा अर्ज लिहिता येत नाही, तो कार्यालयाच्या पायरीवरूनच परत फिरतो.

आणि निवृत्त शिक्षकाला काय येतं? अर्ज लिहिता येतो! म्हणून आम्ही तीन निवृत्त शिक्षक आठवड्यातून दोन दुपारी ग्रामपंचायतीशेजारच्या ओट्यावर बसतो. वारसनोंदीचा अर्ज, नावदुरुस्ती, कुठला दाखला कुठे मिळतो, एवढंच. एक नियम मात्र अमेरिकेहून उचललेला. अर्ज आम्ही लिहून देत नाही. समोरच्याला किंवा त्याच्या शाळकरी पोराला शेजारी बसवून त्याच्याकडूनच लिहून घेतो, मग वेळ दुप्पट लागला तरी चालेल. आणि ज्याचं काम झालं त्याने पुढच्या एकाबरोबर तलाठी कार्यालयात जायचं. एका बाईने असं तिघांना नेलं. चौथ्या खेपेला तलाठ्यापुढे कागद कोणत्या क्रमाने ठेवायचे ते ती मलाच सांगत होती.

याने घरटंचाई मिटते का? नाही. हॅबिटॅटनेही मिटली नाही, खुद्द अमेरिकेत भाड्याच्या बोजाखाली दबलेली माणसं पुष्कळ आहेत. जमीन, कर्ज आणि कायदा ही सरकारची कामं आहेत आणि ती सरकारकडून करून घेतलीच पाहिजेत. स्वयंसेवा हा त्याला पर्याय आहे असं जो म्हणतो, त्याच्याशी मी सहमत नाही. पण सरकारचं घरकुल आणि त्याच्या दारात उभी असलेली बाई यांच्यात जे चार कागदांचं अंतर उरतं, ते कुणीतरी तिच्याबरोबर चालून जावं लागतं.

तेव्हा भावाबहिणींनो, मी ख्रिश्चन झाले नाही. तुळशीला पाणी घालते, एकादशी करते आणि मंगळवारी-शुक्रवारी ओट्यावर जाते. तुमच्या गावातही ग्रामपंचायत आहे, ओटा आहे, आणि तुमच्यापैकी निम्मे जण निवृत्त आहेत. कुणी सुरू करणार असेल तर मला जरूर कळवा. कुठल्या कामाला कुठले कागद लागतात त्याची यादी मी माझ्या अक्षरात लिहून ठेवली आहे, ती पाठवीन. यादी दर काही महिन्यांनी बदलते, तेवढी तलाठ्याला विचारून दुरुस्त करून घ्या.